न्हाणीघराच्या भिंती

मराठीत आंघोळीच्या जागेला नावे पुष्कळ आहेत: न्हाणी, न्हाणीघर, मोरी, स्नानगृह, आणि गेल्या दोन-तीन पिढ्यांपासून बाथरूम. प्रत्येक नावामागे वेगळी वास्तू, वेगळा काळ आणि बऱ्याचदा वेगळी सामाजिक स्थिती उभी असते. परंतु ह्यांपैकी एकही नाव भिंतीकडे पाहत नाही. न्हाणी हा शब्द क्रियेवरून आला, तर मोरी हा पाणी वाहून जाण्याच्या वाटेवरून. 'मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा' ही म्हण आपण सर्रास वापरतो. तिच्यातली मोरी म्हणजे एक भोक आहे, खोली नव्हे. आंघोळीच्या जागेची ओळख तिच्या तळाशी होती. भिंत हा निव्वळ आडोसा, आणि आडोशाला कोणी सजवीत नाही.

आज मात्र सदनिका पाहायला गेलेले जोडपे न्हाणीघरात डोकावते ते भिंती पाहण्यासाठी. टाइल छातीपर्यंत आहे की छतापर्यंत, रंग कोणता, मधली पट्टी फुलांची की साधी, ह्यांवर घराची पत ठरते. ही नजर जमिनीवरून भिंतीवर कधी चढली, आणि ती चढत असताना काय काय भिंतीमागे गेले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. साहित्याच्या अध्यापकांनी टाइल्सच्या वाटेला का जावे, असे काही वाचकांना वाटेल. पण शुद्ध-अशुद्ध, आत-बाहेर, दृश्य-अदृश्य ह्या ज्या जोड्या आपण वर्गात फळ्यावर लिहितो, त्या घरात प्रत्यक्ष कुठे राहतात हे शोधू लागले की पावले न्हाणीघराकडेच वळतात.

जुन्या न्हाणीचे वर्णन आमच्या विद्यार्थ्यांना आता समजावून सांगावे लागते. घराच्या मागच्या अंगाला, पडवीच्या टोकाशी किंवा परसात ती असे. खाली काळ्या दगडाची फरशी, कोपऱ्यात चुलवण, त्यावर तांब्याचा हंडा, शेजारी घंगाळ. भिंतीत एखादा कोनाडा आणि त्यात शिकेकाई, वज्री, दिवा. सांडपाणी बाहेर केळीच्या किंवा अळूच्या मुळाशी जाई. भिंती मातीच्या असल्या तर शेणामातीने लिंपलेल्या, वाड्याच्या असल्या तर चुन्याच्या गिलाव्याच्या. दोन्ही प्रकारांत धुराने काळवंडलेल्या. वाड्यांतून चित्रे होती, नाही असे नाही. वाईजवळच्या मेणवलीस नाना फडणीसांच्या वाड्यातील भित्तिचित्रे प्रसिद्धच आहेत. पण चित्र काढायला उजेड लागतो, कोरडी भिंत लागते, आणि मुख्य म्हणजे उभे राहून पाहणारा माणूस लागतो. न्हाणीत हे तिन्ही नव्हते. पुरुषमंडळी बहुधा विहिरीवर, नदीवर, अंगणात उघड्यावर आंघोळ करीत. भिंतीची गरज प्रामुख्याने स्त्रियांना होती. 'न्हाण येणे', 'न्हातीधुती' ह्या शब्दांत ती भिंत न उच्चारता उभी आहे. ज्या गोष्टी चारचौघांत बोलायच्या नाहीत त्यांना मराठीने न्हाणीचा आडोसा दिला. तेव्हा जुन्या न्हाणीच्या भिंतीचे काम लपवण्याचे होते, दाखवण्याचे नव्हे, एवढे आपण ध्यानात ठेवू.

ह्याला अपवाद दरबारी हमामांचा. बऱ्हाणपूरच्या शाही किल्ल्यात मोगलांचा हमाम आहे. मुमताजमहलचा मृत्यू १६३१ साली ह्याच शहरात झाला, म्हणून प्रवासी तो आवर्जून पाहतात. त्याच्या छतावर चुन्याच्या गिलाव्यावर केलेल्या नक्षीचे रंग अजून काही ठिकाणी टिकून आहेत. तिथे आंघोळ हा निवांत बसण्याचा, गप्पांचा, राजकारणाचाही प्रसंग होता. डोळ्यांना सवड होती, म्हणून वर नक्षी होती. सामान्यांच्या घरी ही सवड उतरली नाही. गंमत अशी की फारसीतला 'सेहतखाना', म्हणजे आरोग्याची जागा, हा शब्द मराठीत 'शेतखाना' होऊन आला तो शौचकूपासाठी. आरोग्य ह्या कल्पनेचा आणि घराच्या मागच्या अंगाचा असा संबंध भाषेत आधीच जुळलेला होता. भिंतीपर्यंत तो पोचायला प्लेग यावा लागला.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस ह्या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. पुढच्या काही महिन्यांत सरकारने जे उपाय योजले त्यांत भिंतींना अभूतपूर्व महत्त्व आले. घरे रिकामी करून जंतुनाशकाने धुतली जात, उजेड यावा म्हणून कौले काढली जात, आणि भिंतींना चुना फासला जाई. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर तशी इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. पुण्यात १८९७ साली रँडच्या प्लेग समितीने झडती घेणाऱ्या, निर्जंतुक करणाऱ्या आणि चुना लावणाऱ्या अशा वेगवेगळ्या तुकड्याच नेमल्या होत्या. रँडवर २२ जून १८९७ च्या रात्री गोळी झाडली गेली. तो इतिहास आपल्याला पाठ आहे, तो येथे पुन्हा सांगत नाही. आम्हांला लक्ष वेधायचे आहे ते इतक्याचकडे की चुन्याची बालडी घेऊन सरकार प्रथमच घराच्या सर्वांत आतल्या भिंतीपर्यंत आले. जी भिंत लपवण्यासाठी होती ती तपासण्याची वस्तू झाली.

चुना मूर्ख नव्हता. कळीचा चुना पाण्यात विरवून भिंतीवर दिला की ताजेपणी तो इतका तीव्र अल्कधर्मी असतो की जंतू आणि बुरशी त्यात तगत नाहीत. पुढे हवेतील कार्बन डाय-ऑक्साइड शोषून त्याचा पातळ दगडी थर बनतो. तो भिंतीतल्या ओलीला बाहेर पडू देतो. म्हणूनच दमट कोकणात तो पिढ्यान्पिढ्या चालला. पण प्लेगपुरते बोलायचे तर ह्या पांढरेपणाचा उपयोग फारसा नव्हता. १८९८ साली कराचीत पॉल-लुई सिमाँ ह्या फ्रेंच संशोधकाने प्लेग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो हे दाखवले, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली. रोग जमिनीलगत धावत होता आणि सरकार भिंती रंगवीत होते. तरीही पांढरी भिंत म्हणजे निरोगी भिंत हे समीकरण मनात रुजले ते रुजलेच. चुन्यात नीळ घालून पिवळटपणा मारायची पद्धत आपल्या आजोळच्या घरी अनेकांनी पाहिली असेल. रोगाशी काही संबंध नसलेली ती नीळ केवळ डोळ्यांच्या समाधानासाठी होती.

हे समीकरण मुंबईत जन्मलेले नव्हते. ते विलायतेहून आले होते आणि तिथे त्याची किंमत मोजून झाली होती. इंग्लंडमध्ये भिंतीच्या कागदावरचा कर १८३६ साली उठला आणि यंत्रावर छापलेला वॉलपेपर मध्यमवर्गाच्या घराघरांत गेला. त्यातला लोकप्रिय हिरवा रंग आर्सेनिकचा असे. कार्ल शील ह्या रसायनशास्त्रज्ञाने अठराव्या शतकात शोधलेल्या हिरव्याचा आणि त्याच्या भाईबंदांचा. दमट खोलीत अशा कागदावर बुरशी धरली की ती विषारी वायू सोडते, हे इटलीच्या गोझिओने १८९०च्या दशकात प्रयोगाने दाखवले. साहित्याच्या विद्यार्थ्यांना कवी आणि समाजवादी म्हणून माहीत असलेला विल्यम मॉरिस ह्या कथेत एका अवघड जागी उभा आहे. त्याच्या वेलबुट्टीच्या एका जुन्या कागदाच्या हिरव्यात आर्सेनिक असल्याचे २००३ साली तपासणीत दिसून आले. ज्या खाणकंपनीत त्याच्या कुटुंबाचे भांडवल होते आणि ज्या कंपनीचा तो स्वतः काही वर्षे संचालक होता, ती तेव्हा आर्सेनिकच्या मोठ्या उत्पादकांपैकी होती. यंत्राच्या कुरूपतेविरुद्ध सुंदर भिंतींचा आग्रह धरणाऱ्या माणसाच्या भिंतीतच विष होते, ह्यावर टीकाकारांनी फार चवीने लिहिले आहे. आम्हांला त्यात उपहासापेक्षा खेद अधिक वाटतो. रंग कुठून येतो हे न विचारण्याची सवय सुसंस्कृतांनाही असते, किंबहुना त्यांनाच अधिक.

ह्या भीतीतून 'आरोग्यदायी' म्हणवणारे कागद निघाले. तैलरंगांत छापलेले आणि वार्निश दिलेले हे कागद ओल्या फडक्याने पुसता येत. त्यांच्यावर पुष्कळदा चौकोनी टाइल्सचेच चित्र छापलेले असे. ज्याला टाइल परवडत नाही त्याने टाइलचा कागद लावावा. आपल्याकडे मात्र कागद न्हाणीघरात कधीच टिकला नाही. चार महिने पावसाचे, खळीला बुरशी, कागदामागे ढेकूण आणि झुरळे. श्रीमंतांच्या दिवाणखान्यातही तो हौसेपुरताच राहिला. आता प्लास्टिकचे चिकट कागद ऑनलाइन मागवून भाड्याच्या घरातल्या जुन्या टाइल्सवर चिकटवतात, तो वेगळा विषय.

टाइलचा आधुनिक इतिहास सुरू होतो तो बटणांपासून. १८४० साली रिचर्ड प्रॉसरने किंचित ओलसर मातीची भुकटी साच्यात दाबून बटणे करण्याचे पेटंट घेतले. हर्बर्ट मिंटनने ती युक्ती भिंतीच्या टाइलसाठी वापरली. ओल्या मातीची टाइल वाळताना वाकते, आक्रसते. दाबलेल्या भुकटीची टाइल सपाट आणि एकसारखी निघते. हजारो टाइल्स एकाच मापाच्या निघू लागल्यावर भिंत सलग झाकणे शक्य झाले. सहा इंच बाय सहा इंचांचा तो पांढरा चौकोन पुढे इस्पितळे, दूधकेंद्रे, खाटकांची दुकाने आणि न्हाणीघरे ह्यांची समान त्वचा झाला. पॅरिसच्या मेट्रोने १९०० साली आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेने १९०४ साली जमिनीखालच्या अंधाराला तीच त्वचा चढवली. पांढऱ्या टाइलवरचा डाग लपत नाही, आणि तो लपत नाही म्हणूनच ती स्वच्छ मानली गेली.

पण झिलई म्हणजे काचेचा थर, आणि त्या काळच्या झिलईत शिसे असे. स्टॅफर्डशायरच्या भांडी-कारखान्यांत झिलईच्या पातेल्यात माल बुडवणारे मजूर आणि त्यांच्या हाताखालच्या तरुण मुली शिशाच्या विषबाधेने आजारी पडत. ह्याबद्दल ब्रिटिश सरकारने थॉर्प आणि ऑलिव्हर ह्या तज्ज्ञांकडून चौकशी करवली, आणि त्यांचा अहवाल १८९९ साली आला. ज्या दशकात मुंबई-पुण्याच्या भिंतींवर आरोग्याचा चुना चढत होता, त्याच दशकात आरोग्याची टाइल करणाऱ्या हातांत विष उतरत होते.

आता मुंबईकडे परत येऊ. १८९८ साली स्थापन झालेला सुधारणा न्यास आणि १९२० साली स्थापन झालेले विकास खाते ह्यांनी चाळी बांधल्या. विकास खात्याच्या वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथील चाळींची संख्या २०७. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. चाळीच्या खोलीत न्हाणी आक्रसून मोरी झाली: कोपऱ्यातला चौरस, त्याला वीतभर उंचीचा कठडा, वर दोरीवर पडदा. तिथेच भांडी, तिथेच कपडे, तिथेच आंघोळ. भिंतीचा तेवढा भाग सिमेंटने घोटून त्यावर ऑइलपेंट मारीत, बहुधा हिरवा. दिवाळीला घर रंगवून जो रंग उरेल तो मोरीला, असाही सर्वमान्य प्रघात होता. एशियन पेंट्सची सुरुवात मुंबईत १९४२ साली झाली, आणि आर. के. लक्ष्मण ह्यांनी रेखाटलेला 'गट्टू' १९५४ साली बालडी-ब्रश घेऊन अवतरला. त्यानंतरच्या पिढीला डिस्टेंपर आणि ऑइलपेंट हे शब्द घरचेच वाटू लागले. ऑइलपेंट पाणी आत जाऊ देत नाही, पण भिंतीतली ओल बाहेरही पडू देत नाही. पावसाळ्यात त्याला फुगवटे येतात, मग पोपडे निघतात. चुन्याने जी गोष्ट मुकाट्याने केली होती ती रंगाला जमली नाही. तरी रंग चाळीत रुळला, कारण तो स्वतःच्या हाताने मारता येत होता.

टाइल मात्र चाळीतून आली नाही. ती आली ती चाळीबाहेर पडलेल्यांच्या घरात. आणि येथे आम्ही ह्या लेखाच्या मुख्य मुद्द्याशी येतो.

वाड्यात काय, मुंबईच्या जुन्या घरांत काय, संडास घराबाहेर किंवा घराच्या अगदी कडेला असे. टोपलीच्या संडासाला मागून स्वतंत्र दार असे, आणि ते उघडे त्या अरुंद गल्लीत, जिच्यातून मैला वाहणारी माणसे जात. मुंबईत दोन इमारतींमधल्या ह्या फटीला 'हाऊसगल्ली' असे सभ्य नाव आहे. घराला दोन तोंडे होती: एक रांगोळीचे, एक ह्या गल्लीचे. ज्यांच्या कष्टावर घराची शुद्धता उभी होती ती माणसे पहिल्या तोंडाने कधी आत येऊ शकत नव्हती.

१८९६ साली मुंबईत प्लेग सुरू झाल्यावर राजकोट संस्थानात आरोग्य तपासणीसाठी समिती नेमली गेली आणि गांधीजी तिच्यात होते. आपल्या आत्मकथेत त्यांनी ह्याची हकिगत दिली आहे. अस्पृश्य मानल्या गेलेल्यांच्या वस्तीत घरे सारवलेली आणि लख्ख होती, तर धनिकांच्या घरचे संडास अंधारे आणि घाणेरडे. समितीने सुचवलेल्या सुधारणांत एक भिंतीसंबंधी होती. संडास आणि बाहेरची भिंत ह्यांच्यामधला आडपडदा पाडावा, म्हणजे उजेड-वारा येईल आणि साफ करणाऱ्याला नीट साफ करता येईल. वरिष्ठ वर्गाने नेमक्या ह्याच सूचनेला सर्वाधिक हरकत घेतली आणि बहुतेक ठिकाणी ती अमलात आलीच नाही. आम्हांला ही नोंद विलक्षण बोलकी वाटते. घाण चालत होती. घाण दिसणे, आणि ती उचलणारा माणूस दिसणे, हे चालत नव्हते.

अशा समाजाने पुढच्या पन्नास वर्षांत संडास उचलून थेट घराच्या पोटात, कित्येकदा स्वयंपाकघराच्या भिंतीला भिंत लावून आणला. हे कसे घडले? दादर-माटुंगा भागातील १९२० ते १९५०च्या सुमाराच्या इमारतींवर निखिल राव ह्यांनी 'हाऊस, बट नो गार्डन' (२०१३) हा महत्त्वाचा ग्रंथ लिहिला आहे. एका दाराआड स्वयंपाक, आंघोळ आणि शौच ही तिन्ही एकत्र आणणारा स्वयंपूर्ण ब्लॉक त्यात अभ्यासाचा विषय आहे. नळाचे पाणी (तानसाचे पाणी मुंबईत १८९२ साली आले) आणि भुयारी गटारे ही त्याची तांत्रिक कारणे उघड आहेत. आम्ही त्यांत एका कारणाची भर घालू इच्छितो, ते म्हणजे टाइल. पाण्याने मैला नेला, परंतु विटाळ केवळ मैल्यात नसतो. तो भिंतीत मुरतो अशी आपली समजूत होती. माती, शेण, चुना, लाकूड हे सारे शोषून घेणारे पदार्थ. झिलईची टाइल काहीच शोषत नाही. बालडीभर पाणी मारले की ती पुन्हा कोरी. सोवळ्याच्या भाषेत बोलायचे तर तिला विटाळ लागतच नाही.

ह्यात इतिहासाचा एक उपरोध दडलेला आहे. धर्मशास्त्रातल्या द्रव्यशुद्धीच्या विचारात धातूचे भांडे घासून शुद्ध होते. मातीचे भांडे फार बाटले तर टाकून द्यावे लागते. चिनीमाती ही ना धातू ना आपली ओळखीची माती, म्हणून सोवळ्याच्या स्वयंपाकघरात कपबशीला दीर्घकाळ मज्जाव होता. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा ठेवला गेला आणि त्यावरून ग्रामण्य माजले. तिथे मुख्य प्रश्न चहा कोणाच्या हातचा हा होता, कपाचा नव्हे, हे खरे. पण त्या प्रसंगाची आठवण कपाच्याच रूपाने राहिली. अर्ध्या शतकानंतर त्याच कपाची बहीण म्हणावी अशी भाजलेली पांढरी माती त्याच समाजाच्या घरात भिंतींवर चढली. आणि ह्या खेपेस तिने ग्रामण्य माजवले नाही. उलट घराच्या सर्वांत शंकास्पद खोलीला तिनेच शुद्धतेचे प्रमाणपत्र दिले.

प्रमाणपत्र घराला मिळाले, माणसाला नाही. त्या काळच्या कित्येक इमारतींच्या मागे लोखंडी गोल जिना आजही दिसतो. तो प्रत्येक मजल्यावर संडासाच्या बाहेरच्या दाराशी जाई. सफाई करणाऱ्याने घरात न शिरता मागून यावे, काम करून मागून जावे. फ्लशचा संडास आला, टाइल आली, तरी तो जिना काही दशके राबता होता. पुढे घरे दुरुस्त होत गेली तशी ही दारे विटांनी बुजवली गेली आणि आतून टाइल बसली. आमच्यापैकी एकाच्या दादरच्या नातेवाइकांकडे न्हाणीघराच्या भिंतीत असा एक दाराएवढा भाग आहे. तिथल्या टाइल्सचा पांढरा इतरांपेक्षा किंचित निळसर आहे. घरातल्या तरुण मुलांना तो गवंड्याचा हलगर्जीपणा वाटतो. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध कायदा झाला १९९३ साली, आणि तो अपुरा पडला म्हणून दुसरा २०१३ साली. त्यानंतरही गटारात उतरून माणसे मरतच आहेत. टाइलच्या सपाटीवर ह्यातले काही उमटत नाही.

टाइलला आपण किती शुद्ध मानतो आणि कुठे मानत नाही, ह्याची कसोटी देवाच्या टाइलवर लागते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानमधून उठावाच्या रंगीत 'मेजोलिका' टाइल्स मोठ्या प्रमाणावर भारतात येत. भारतीय गिऱ्हाइकासाठी त्यांवर रविवर्म्याच्या छापील चित्रांच्या वळणाचे देवही घडवले जात. त्या परंपरेचे सध्याचे वंशज म्हणजे मुंबईच्या जिन्यांच्या कोपऱ्यांत बसवलेले गणपती, साईबाबा, मक्का आणि क्रूस. तिथे कोणी थुंकू नये किंवा लघवी करू नये म्हणून. तीच टाइल, तीच झिलई, पण न्हाणीघरात देवाची टाइल बसवायला कोणी धजावत नाही. म्हणजे टाइलने विटाळ खरोखर संपवलेला नाही. फक्त त्याची हद्द बदलली आहे, आणि ती हद्द आपल्याला न शिकवता कळते.

योगायोग असा की ज्या जपानमधून ह्या टाइल्स येत होत्या, तिथेच १९३३-३४ साली जुनिचिरो तानिझाकी ह्या कादंबरीकाराने छायेची थोरवी गाणारा आपला दीर्घ निबंध लिहिला. त्यात शौचगृहाबद्दलची पाने फार प्रसिद्ध आहेत. लाकडाच्या घरात चकाकती टाइल विजोड दिसते, आणि भोवतालचे सारे पांढरेशुभ्र केले की न दिसणाऱ्या घाणीचीच आठवण अधिक होते, असे त्याचे म्हणणे. हा निबंध आम्ही अनेकदा सौंदर्यशास्त्राच्या तासाला वापरतो आणि विद्यार्थी त्यावर लुब्ध होतात. पण त्याच्या मंद उजेडातल्या लाकडी शौचगृहाची जमीन रोज कोण पुसत असेल हा प्रश्न त्या निबंधात येत नाही. आमच्या विद्यार्थिनींपैकी एकीने तो विचारला, तेव्हा तासाचा नूरच पालटला. काळवंडलेल्या न्हाणीबद्दल हळवे होणाऱ्या मराठी ललित लेखकांनाही हा प्रश्न लागू आहे. पहाटे चुलवण पेटवून धुरात डोळे चोळणारी बाई त्या हळवेपणात क्वचितच दिसते. टाइल आणि गीझर आल्याने तिच्या कामाचा एक भाग निश्चित हलका झाला, हे मान्य केलेच पाहिजे. तिच्या वाट्याला सांधे घासणे आले, हा भाग निराळा. टाइल काही शोषत नाही, पण दोन टाइल्समधले पांढरे सिमेंट शोषते, आणि काळे पडते. त्यावर अ‍ॅसिड टाकून ब्रशने घासणे हे काम घरातली बाई करते, नाही तर कामाला येणारी बाई.

स्वातंत्र्यानंतर टाइल देशी झाली. एच अँड आर जॉन्सनची भारतीय कंपनी १९५८ साली निघाली. मुंबई-ठाण्याच्या कंत्राटदारांच्या तोंडी 'जॉन्सन' हे बराच काळ जवळजवळ सामान्यनामच होते. भिंतीवरच्या टाइल्सना कामगार 'डॅडो' म्हणतात. हा डॅडो आधी तीन-चार फुटांचा होता. मग दाराच्या चौकटीइतका, सात फुटांचा झाला, आणि आता छताला टेकतो. वर्तमानपत्रांतल्या घरांच्या जाहिरातींत 'फुल हाइट टाइल्स' आणि 'कन्सील्ड प्लंबिंग' हे शब्द जोडीने येऊ लागले, ते अर्थपूर्ण आहे. एकीकडे भिंत पूर्ण दिसू लागली, दुसरीकडे नळ भिंतीत गडप झाले. १९९१ नंतर पांढरा रंगही मागे पडला. दुकानात आता तीन टाइल्सचा संच मिळतो: खाली गडद, वर फिकी, आणि मध्ये चित्राची 'हायलाइटर'. हायलाइटरवर डॉल्फिन, शंख, बांबू, गुलाब, धबधबा. ह्यावर नाके मुरडणे सोपे आहे. आम्ही ते करणार नाही. आयुष्यभर सामाईक संडासासमोर डबा घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाने पहिल्यांदा स्वतःच्या न्हाणीघरात धबधबा बसवला, तर त्यात अभिरुचीपेक्षा मोठी गोष्ट घडलेली असते. कडी आतून लावता येणे ही काय चीज आहे हे चाळीत वाढलेल्या स्त्रियांना विचारावे.

हा धबधबा बहुधा गुजरातेतल्या मोरबीहून आलेला असतो. ११ ऑगस्ट १९७९ रोजी मच्छू धरण फुटून जे गाव वाहून गेले, तेच हे मोरबी. पूर्वी कौलांसाठी आणि भिंतीवरच्या घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेले हे गाव आज देशातल्या टाइल्सचे प्रमुख केंद्र आहे. भट्ट्यांसाठी कोळशापासून वायू करणाऱ्या तिथल्या संयंत्रांमुळे पाणी आणि हवा इतकी दूषित झाली की राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली ती बंद करायला लावली. भुकटी दाबून टाइल करण्याची प्रॉसरची रीत अजून तीच आहे, आणि भुकटी म्हटली की तिच्यात वाळूची म्हणजे सिलिकाची धूळ आली. ती फुप्फुसात साचून होणारा सिलिकोसिस हा रोग सिरॅमिक कामगारांत आढळतो. तो बरा होत नाही. स्टॅफर्डशायरमध्ये शिसे होते, येथे सिलिका. टाइलवरून हात फिरवला तर दोन्हीपैकी काहीही हाताला लागत नाही, ती अगदी गुळगुळीत असते.

अलीकडे टाइलवर संगणकी यंत्राने शाईचे चित्र छापतात, त्यामुळे कशाचीही हुबेहूब नक्कल शक्य झाली आहे. लाकूड, संगमरवर, उघडी वीट, चुन्याचा डागाळलेला गिलावा, सारे काही. पुण्यातल्या दुकानांत सध्या भिंतीसाठी जो माल 'रस्टिक' म्हणून पुढे केला जातो, त्यात काळ्या, खडबडीत, ओलसर भासणाऱ्या दगडाची टाइल असते. दुकानदार तिच्यावर पाणी शिंपडून दाखवतो. पाणी न थांबता ओघळून जाते, आणि दगड पुन्हा कोरडा दिसतो.